तिसरी कॉइल घेण्याआधी

काका, नमस्कार. आमच्याकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांचा चादरीचा छोटा कारखाना होता, तो जरा बरा चालायला लागला तेव्हा त्यांनी ती घेतली. थंडीत गाडी छान चालते. मार्च लागला की मात्र तासभर पळाली की आधी मिसिंग करते, म्हणजे धक्के देत अडखळते, आणि मग बंद पडते. अर्धा-पाऊण तास थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते. वर्षभरात मेकॅनिकने दोनदा इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगी देणारी) बदलली. पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे छोटे संपर्क) तर दर दोन-तीन महिन्यांनी जळतात. आता तो तिसरी कॉइल टाकू म्हणतोय. बाबा कॉइलवर ओला फडका ठेवतात, त्याने कधी फरक पडतो, कधी नाही. बाबांना आता फार चालवत नाही, पण संध्याकाळी अंगणात गाडीत बसून ते रेडिओ ऐकतात, तेवढाच त्यांचा विरंगुळा. येत्या नवरात्रात त्यांना याच गाडीतून तुळजापूरला जायचंय. घरचे म्हणतात, विकून टाक. कॉइल खरंच गेली आहे का, हे घरी तपासता येतं का?
(जुळे सोलापुरातल्या एक वाचक)

ताई, गाडी विकू नका. आणि तिसरी कॉइलही इतक्यात घेऊ नका. तुमच्या पत्रातली दोन वाक्यं मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. पॉइंट सारखे जळतात हे एक, आणि बाबा गाडीत बसून रेडिओ ऐकतात हे दुसरं. त्यांच्याकडे येतोच. त्याआधी कॉइल बदलल्यावर गाडी सुरू का होते, ते सांगतो.

मी चाळीस वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं. सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. मे महिना, अक्कलकोट रोड, दुपारचे दोन. लग्नाच्या वऱ्हाडाची फियाट बंद पडली होती. मी बोनेट उघडलं, कॉइलला हात लावला तर चटका बसला. म्हटलं, कॉइल गेली. नवी पेठेतून माणूस पाठवून कॉइल मागवली, बसवली, चावी फिरवली. एका सेल्फमध्ये गाडी सुरू. लोक खूश झाले, मी पैसे घेतले. चौथ्या दिवशी तीच गाडी त्याच दुखण्याने पुन्हा उभी राहिली. तेव्हा कुठे मी नीट बसून बघितलं, तर कंडेन्सर, म्हणजे पॉइंट उघडताना तिथली ठिणगी शोषून घेणारा छोटा डबा, तापला की शॉर्ट होत होता. पहिल्या दिवशी कॉइल येऊन बसेपर्यंत पाऊण तास गेला होता आणि तेवढ्यात कंडेन्सर निवला होता. गाडी सुरू झाली ती त्या पाऊण तासामुळे. त्या गृहस्थांचे कॉइलचे पैसे मी परत केले. गरम गाडीचं दुखणं थंड गाडीवर शोधायचं नाही, हे तेव्हापासून पक्कं झालं.

तुमच्या मेकॅनिकचंही असंच होत असावं. त्याला दोष देत नाही. हात भाजेल इतकी तापलेली कॉइल बघितली की संशय तिच्यावरच जातो. पण आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४२ च्या पुढे जातो. त्या दिवसांत बोनेटखालची चांगली, धडधाकट कॉइलसुद्धा हात ठेववणार नाही इतकी तापते. नुसतं तापणं म्हणजे बिघाड नाही.

तुमच्या घरात माग चालले आहेत, त्यामुळे कॉइलच्या आत काय असतं ते तुम्हाला लवकर कळेल. कांडीवर सूत गुंडाळतात तशी लोखंडी गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असते, एक सोडून दोन तारा. एक जाड, तिचे काहीशे वेढे. दुसरी केसासारखी बारीक, तिचे हजारो वेढे. पॉइंट जुळलेले असतात तेव्हा जाड तारेतून बॅटरीचा १२ व्होल्टचा करंट वाहतो आणि गाभ्यात चुंबक तयार होतं. पॉइंट उघडले की करंट तुटतो, चुंबक एकदम कोसळतं आणि बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्टचा झटका उठतो. तोच प्लगपर्यंत जाऊन ठिणगी पाडतो. तुमचं चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर ही एक कॉइल मिनिटाला ६,००० ठिणग्या देते. तुळजापूरच्या तासाभराच्या वाटेवर साडेतीन लाखांच्या वर झाल्या. सुताला कुठे जराशी कसर असली की माग जोरात चालल्यावरच ते तुटतं, तसं इथेही आहे. वेढ्यांमधलं इन्सुलेशन कुठे विरलं असेल तर ते थंडपणी कळत नाही, तापल्यावर आणि पूर्ण दाबाखालीच उघडं पडतं.

आता माझा पहिला संशय. जुन्या गाड्यांच्या कॉइल दोन प्रकारच्या मिळतात आणि बाहेरून जवळजवळ सारख्याच दिसतात. एका प्रकारात जाड तारेचा रोध, म्हणजे करंटाला होणारा अडथळा, ३ ओहमच्या आसपास असतो. ती थेट १२ व्होल्टवर चालते आणि साधारण ४ अँपिअर घेते. दुसरीचा रोध दीड ओहमच्या आसपास असतो. तिच्या वाटेत वेगळा बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे करंट आवरणारा जादा रोध, लागतो. तो नसताना ती जोडली तर दुप्पट, म्हणजे ८ अँपिअर करंट ओढते. गाडी सुरू होते, उलट सेल्फ जरा जोरातच लागल्यासारखा वाटतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण कॉइल आतून भाजते आणि दुप्पट करंट तोडता तोडता पॉइंट जळतात. वर्षात दोन कॉइल आणि दर दोन-तीन महिन्यांनी पॉइंट, हे गणित इथे तंतोतंत जुळतं. पॉइंट खराब कंडेन्सरमुळेही जळतात. म्हणून आधी मोजायचं.

मल्टिमीटर साधा, डिजिटल पुरे. सकाळी गाडी थंड असताना चावी बंद करून कॉइलच्या दोन्ही बारीक वायरी आणि मधली जाड वायर काढा. कुठली वायर कुठे होती, त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मीटर २०० ओहमवर ठेवून त्याची दोन टोकं एकमेकांना लावा. ०.३ किंवा ०.४ असा आकडा येईल, तो मीटरच्या वायरींचा. तो प्रत्येक मोजणीतून वजा करायचा. इतक्या लहान रोधात एवढ्यानेही निकाल फिरतो. मग टोकं कॉइलच्या अधिक आणि उणे खुणांना लावा. वजाबाकीनंतर ३ च्या जवळपास आलं तर कॉइल योग्य जातीची. दीडच्या जवळपास आलं, आणि गाडीत बॅलास्ट नसेल, तर चोर सापडला. बॅलास्ट म्हणजे चिनीमातीचा बोटाएवढा तुकडा, दोन्ही टोकांना वायर, कॉइलकडे येणाऱ्या वायरीतच बसवलेला असतो.

पुढे मीटर २० किलोओहमवर करा. एक टोक मधल्या भोकातल्या धातूला, दुसरं अधिकच्या खुणेला. इथे कॉइल कुणी बनवली त्याप्रमाणे फरक पडतो, पण साधारण ६ ते १२ किलोओहम येतं. काहीच आकडा आला नाही तर बारीक तार तुटली आहे. शेवटी एक टोक खुणेला आणि दुसरं कॉइलच्या डब्याच्या खरवडलेल्या पत्र्याला. इथे आकडा येताच कामा नये.

ही मोजणी गरम कॉइलवर पुन्हा करा, खरी परीक्षा तीच. गाडी घराजवळच फिरवा, बंद पडू द्या आणि लगेच मोजा, चहा पिऊन आल्यावर नको. एक लक्षात ठेवा. तांब्याचा रोध तापल्यावर वाढतोच, दर अंशाला साधारण ०.४ टक्के. सकाळी ३० अंशांना ३ ओहम दाखवणारी कॉइल ८० अंशांना ३.६ दाखवेल. तो दोष नव्हे. तापल्यावर आकडा घसरला तर वेढे आत एकमेकांना चिकटताहेत. आकडा गायब झाला तर तार आत तुटली आहे, थंड झाल्यावर तिची टोकं पुन्हा टेकतात एवढंच.

पण मीटरची एक मर्यादा आहे. त्याच्या पोटात काही व्होल्टची बॅटरी, आणि कॉइल काम करते हजारो व्होल्टवर. मीटरवर पास झालेली कॉइल गरमपणी पूर्ण दाबाखाली नापास होऊ शकते. म्हणून गाडी बंद पडल्या पडल्या ठिणगी बघायची. डिकीत एक जादा प्लग आणि वायरीचे दोन तुकडे जोडलेला १२ व्होल्टचा बल्ब कायम ठेवा. पेट्रोलचा वास येत असेल किंवा कार्बोरेटर ओला दिसत असेल तर ही तपासणी करू नका. छातीत पेसमेकर असलेल्या माणसाने तर जवळही थांबू नये. बाबांना असेल तर त्यांना लांब सावलीत बसवा.

डिस्ट्रिब्यूटर म्हणजे ठिणगी एकेका प्लगला वाटणारा भाग. त्याच्या झाकणाच्या मध्यातून कॉइलची जाड वायर उपसा. तिच्या टोकात जादा प्लग अडकवा आणि प्लगचं अंग इंजिनच्या उघड्या लोखंडाला तारेने घट्ट बांधा. हाताने धरू नका, तो झटका माणसाला आडवा करतो. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, टणटणीत, ऐकू येईल अशी ठिणगी पडली तर तापलेली कॉइल निर्दोष आहे. पिवळट, मरतुकडी किंवा पडतच नसेल तर दोष करंटाच्या बाजूला आहे, पण तो कॉइलचाच असं अजूनही म्हणायचं नाही. जाड वायर अशी धातूपासून लांब, मोकळी ठेवून मात्र कधीही सेल्फ मारू नका. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही की ती कॉइलच्या आतलं इन्सुलेशन भेदून वाट काढते. चांगल्या कॉइल अशाने मेलेल्या मी बघितल्यात.

आता बल्ब घ्या. एक वायर इंजिनच्या लोखंडाला, दुसरी कॉइलच्या अधिकला, चावी चालू. बल्ब पेटला नाही तर करंट कॉइलपर्यंत पोचतच नाही. इग्निशन स्विच किंवा मधला एखादा सैल लग (वायरीच्या टोकाचा जोड) तापल्यावर सुटतोय. पेटला तर दुसरी वायर उणेला लावा आणि सेल्फ मारायला सांगा. बल्ब लुकलुकला तर पॉइंट आपलं काम करताहेत. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट जुळत नाहीत किंवा काजळले आहेत. अजिबात पेटला नाही तर उणेवरून डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी वायर काढा आणि बल्ब पुन्हा उणेला लावून बघा. आता पेटला? मग कॉइल धड आहे. पॉइंट चिकटले आहेत, ती वायर कुठेतरी लोखंडाला लागते आहे, किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे. अजूनही पेटला नाही, तर कॉइलची जाड तार तुटली आहे. मग खुशाल बदला, मी अडवणार नाही.

बल्ब लुकलुकतोय आणि ठिणगी मात्र मेलेली, असं झालं तर कॉइलच्या आधी कंडेन्सर बदलून बघा. तो कॉइलच्या मानाने फार स्वस्त आणि तापल्यावर दगा देण्यात पटाईत. मी असतो तर डिकीत एक नवा कंडेन्सर बांधूनच तुळजापूरला निघालो असतो.

आणि गाडी बंद, तरीही निळी ठिणगी खणखणीत? मग तुम्ही वर्षभर भलत्याच दाराशी उभ्या आहात. बहुधा पेट्रोलच्या पंपात आणि नळीत उष्णतेने वाफ धरते आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. ओल्या फडक्याची जागा खरं तर तिथे, पेट्रोलच्या पंपावर. जुने ड्रायव्हर घाट चढताना पंपालाच ओला फडका गुंडाळत, बाबांनीही तेच पाहिलेलं असणार. रबरी नळ्याही त्याच वेळी दाबून बघा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या नळ्यांना ते मानवत नाही.

कॉइलवर मात्र फडका नको. वरचं काळं डोकं ओलं झालं की करंट मधल्या भोकातून बाजूच्या खुणेकडे पाण्यावरून धावतो आणि तिथे पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ जळते. तुमच्या कॉइलचं डोकं कोरड्या फडक्याने पुसून उन्हात नीट बघा. अशी रेघ असेल तर ती घासून जात नाही. ती कॉइल बदलावीच लागते.

आता बाबांचा रेडिओ. हे मी काळजीने लिहितोय, कारण तो त्यांच्याकडून काढून घ्यावा असं मला मुळीच वाटत नाही. रेडिओ इग्निशनच्या वायरीवर जोडलेला असेल, तर तो ऐकायला चावी चालू ठेवावी लागते. इंजिन थांबताना पॉइंट जुळलेल्या जागी थांबलं, आणि अर्ध्याहून जास्त वेळा ते तसंच थांबतं, तर बाबा गाणी ऐकत असतात तेवढा वेळ कॉइलमधून अखंड करंट वाहतो. ३ ओहमच्या कॉइलमध्ये ४८ वॉट, दीड ओहमच्या कॉइलमध्ये ९६ वॉट. एक मोठा बल्ब बंद डब्यात तासभर पेटवून ठेवल्यासारखं. गाडी चालताना पॉइंट सारखे उघडतात, त्यामुळे कॉइलला दर फेऱ्यात उसंत मिळते. इथे ती मिळत नाही. आतलं तेल तापून फुगतं आणि सीलमधून पाझरतं. डब्याला तेलकट ओघळ दिसला की समजायचं, या कॉइलचं आयुष्य संपलं. उपाय सोपा आहे. रेडिओची वायर इग्निशनवरून काढून फ्यूज घालून थेट बॅटरीवर घ्या. कुठलाही वायरमन अर्ध्या तासात करून देईल. रेडिओ बंद करायला विसरायचं नाही, एवढंच बाबांना सांगा.

नवी कॉइल घ्यायचीच वेळ आली तर मीटर दुकानात घेऊन जा. काउंटरवरच मोजा, ३ ओहम आलं तरच पैसे द्या. दुकानदार कुरकुरला तर दुसऱ्या दुकानात जा. दीड ओहमचीच मिळाली तर सोबत दीड ओहमचा बॅलास्ट घ्या, तो अधिककडे येणाऱ्या वायरीत टाका आणि वायरींपासून लांब पत्र्यावर बसवा, कारण तोही चांगलाच तापतो. उणेची खूण डिस्ट्रिब्यूटरकडे जाते. उलटं जोडलं तरी गाडी चालते, पण ठिणगी पाडायला जास्त दाब लागतो आणि कॉइलवर विनाकारण ताण येतो. दोनदा बदलताना एकदा उलटी जोडली गेली नाही ना, तेही बघून घ्या.

देखभाल म्हणाल तर कॉइलला फार काही लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि दिवाळीनंतर डोकं कोरडं पुसा, लग काढून घासा आणि घट्ट बसवा, जाड वायरीचा रबरी बूट तडकला असेल तर बदला. प्लगची फट वाढू देऊ नका. फट मोठी झाली की ठिणगीला उडी लांब मारावी लागते आणि तो भार कॉइलवर पडतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर व्होल्ट मोजा, १३.८ ते १४.४ बरोबर. १५ च्या पुढे जात असेल तर चार्जिंग जास्त होतंय आणि त्यात कॉइलही भाजते. ते दुरुस्त केल्याशिवाय नवी टाकू नका.

शेजारी कुणाची २००५ च्या पुढची गाडी असेल, प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असलेली, तर त्यांना यातला उघड्या ठिणगीचा प्रयोग करू देऊ नका. त्या गाडीचा इलेक्ट्रॉनिक मेंदू त्यात जळू शकतो.

नवरात्राला अजून वेळ आहे. या आठवड्यात थंड कॉइलचे आकडे घ्या, रविवारी गाडी तापवून गरमचे घ्या. ते आकडे, बल्ब काय करतो ते, आणि कॉइलच्या डब्यावर जे छापलंय ते सगळं कागदावर लिहून मला पाठवा. तुळजापूरच्या घाटाआधी एकदा मोहोळपर्यंत भर दुपारी जाऊन या. जाऊन-येऊन दोन तासांत एकदाही मिसिंग झालं नाही, की बाबांना घाटाचं सांगा.